बॉक्स्टर ९८७ : चार्जिंगचं आणि अ‍ॅक्सेसरीचं सॉकेट कुठे आणि कसं बसवावं?

पोडियम_पी२
गाडी पोर्शे बॉक्स्टर ९८७, उजव्या हाताचं स्टिअरिंग. बॅटरी पुढच्या डिकीत, काचेखालच्या प्लास्टिक कव्हरमागे. पार्किंग सोसायटीच्या पोडियमवर, शेजारच्या खांबावर मंजुरी घेतलेला पॉइंट आहे. पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी. चार्जर सीटेक एमएक्सएस ५.०.

एकच पक्कं सॉकेट हवंय, ज्यात चार्जरही लागेल आणि हवेचा पंप, डॅशकॅमही चालेल. विचार असा की बॅटरीशेजारी पुढच्या डिकीतच सॉकेट ठोकावं, वायर फूटभरही लागणार नाही. फ्यूज किती, वायर किती जाड, आणि मूळ लायटर सॉकेटमधूनच चार्जिंग का नको? "होऊन जाईल सर" ऐकून झालंय, कृपया आकडे द्या.

सर्किटवाला
आकडे देतो, आधी जागा. पुढच्या डिकीत सॉकेट अजिबात नको.

९८७ची पुढची डिकी विजेवर उघडते. बॅटरी पूर्ण उतरली की डिकी बंद, आणि तुमचं सॉकेट तिच्या आत. म्हणजे ज्या दिवशी सॉकेटची खरी गरज, नेमकं त्याच दिवशी ते हाताला लागणार नाही. कंपनीने यासाठी फूटवेलमधल्या (पाय ठेवायच्या जागेतल्या) फ्यूजबॉक्समध्ये ओढून बाहेर काढायचं प्लसचं टर्मिनल दिलंय. तिथे दुसऱ्या बॅटरीचा प्लस जोडायचा, मायनस दाराच्या चौकटीतल्या लोखंडी हुकाला लावायचा, आणि चावीचं बटण दाबून डिकी उघडायची. अलार्म बोंबलतो, चावीने लॉक-अनलॉक केलं की गप्प होतो. हे जमतं, पण दर वेळी गुडघ्यावर बसून करायचं काम नाही.

म्हणून नियम एकच: चार्जिंगचं टोक असं हवं, की बॅटरी ठार मेली तरी ते हाती यावं.

दुसरं, चार्जिंग आणि अ‍ॅक्सेसरी एकाच सॉकेटवर आणू नका. चार्जरला चावी काढल्यावरही जिवंत लाइन लागते. डॅशकॅमला ती दिलीत तर तोच बॅटरी खाईल. दोन गरजा उलट्या आहेत, दोन सर्किट करा.

तांब्याची_तार
वरच्याला +१. हिशोब मांडतो.

बंद गाडीत अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि मॉड्यूल मिळून ३० मिलिअँपिअर ओढतात असं धरा. ०.०३ × २४ × ३० = २१.६ अँपिअर-तास दरमहा. ६० अँपिअर-तासाच्या बॅटरीचा हा तिसरा हिस्सा, वर बॅटरीची स्वतःची गळती. मुंबईच्या उकाड्यात ती गळती थंड गावापेक्षा जास्त. दोन महिन्यांत स्टार्टर कण्हायला लागणारच.

डॅशकॅम पार्किंग मोडमध्ये ०.३ अँपिअर घेत असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास. चार दिवसांत बॅटरी अर्धी. आणि ते निळ्या आकड्यांचं व्होल्टमीटर-यूएसबी सॉकेट, जे अ‍ॅक्सेसरीवाले हौसेने गळ्यात मारतात, ते १५ मिलिअँपिअर घेत असलं तरी महिन्याला १०.८ अँपिअर-तास. बॅटरीची तब्येत दाखवता दाखवता तीच खातं.

घरी मोजायचं तर रात्रभर उभ्या गाडीत, चार्जर काढलेला असताना: १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४च्या खाली बॅटरी नांदू द्यायची नाही. प्लेटांवर सल्फेट जमतं आणि मग चार्जर हिरवा दिवा दाखवतो पण क्षमता परत येत नाही.

पोडियम_पी२
पटलं. डिकी बाद. मग केबिनमध्ये पायापाशी डीआयएन सॉकेट (लायटरपेक्षा बारीक, घट्ट पकडीचं)? ड्रायव्हरचं दार चावीच्या पात्याने उघडतंच की.

गिरगाव_गॅरेज
उघडतं, पण काच विसरू नका. दाराला फ्रेम नाही. हँडल ओढलं की काच साधारण सेंटिमीटरभर खाली सरकते आणि मग दार रबरातून सुटतं. बॅटरी मेली की काच सरकत नाही, दार उघडताना ती छपराच्या रबरात घासते. बंद करताना तर दार आपटू नयेच, काच बाहेरून रबरावर आदळते. एकदा-दोनदा चालेल, रोजची सवय म्हणून नाही. शिवाय चार्जरची केबल दाराच्या रबराखालून जाणार, तिथे रबर दबून राहिलं की जुलैत पाणी आत.

माझं मत: चार्जिंगसाठी पुढच्या बंपरच्या जाळीमागे एसएई दोन-पिन टोक, रबरी टोपीसह. अ‍ॅक्सेसरीसाठी केबिनमध्ये वेगळं सॉकेट. जाळीमागचं टोक बोटाने ओढून बाहेर काढायचं, जोडायचं, झालं. ना दार, ना डिकी.

सर्किटवाला
एसएईचा आणखी एक फायदा. चार्जर लावलेला असताना कोणी गाडी पुढे घेतली तर ते टोक सरळ ओढलं जाऊन सुटतं. डीआयएन प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसतो, तो सुटण्याआधी केबल तुटेल नाहीतर सॉकेट पॅनेलसकट उखडेल.

डीआयएन म्हणजे तो १२ मिमी जाडीचा बारका प्लग, हेला सॉकेट म्हणतात तो. लायटरचा प्लग २१ मिमी. बीएमडब्ल्यू आणि ट्रायम्फच्या मोटरसायकलींवर डीआयएन दिसतो. पकड आणि करंट पेलायची ताकद दोन्हींत तो लायटरपेक्षा कितीतरी सरस, त्यामुळे केबिनमधल्या अ‍ॅक्सेसरीसाठी जरूर वापरा.

एसएई घेताना पोलॅरिटी बघा. बॅटरीकडच्या टोकात प्लस हा प्लास्टिकने झाकलेला हवा आणि उघडी पिन मायनसची. उलटं असेल तर उघडा प्लस बंपरच्या कंसाला टेकताक्षणी फ्यूज जाईल. बाजारात उलट जोडलेल्या तयार वायरी सर्रास मिळतात (सोलर पॅनेलसाठी बनवलेल्या विशेषतः), रंगावर विश्वास नको, मीटर लावा.

कुर्ल्याचा_वायरमन
बसवायची पद्धत, क्रमाने लिहितो. सामान आधी:

चार्जिंगसाठी २.५ चौरस मिमी तांब्याची मऊ बहुतारी वायर, लाल-काळी, प्रत्येकी तीन मीटर. मिळाली तर टिनचा मुलामा असलेली घ्या. समुद्राच्या हवेत साधं तांबं लगाच्या तोंडापासून आतपर्यंत हिरवं पडत जातं. बॅटरी क्लॅम्पच्या बोल्टच्या मापाचे रिंग लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची कडी). पाणी न शिरणारा ब्लेड फ्यूज होल्डर, त्यात १० अँपिअरचा फ्यूज. आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). कोरुगेटेड नळी. रबरी टोपीवालं एसएई टोक.

वायर-लग लोहार चाळीत, मीटर आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडला, फ्यूज होल्डर आणि रिले (छोट्या करंटने मोठी लाइन चालू-बंद करणारा स्विच) कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. वायर घेताना टोक सोलून चाकूने खरवडा. आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, दुकानात परत ठेवा. (टिनवाली बाहेरून पांढरी आणि खरवडल्यावर तांबडी दिसते, गोंधळू नका.)

काम:

डिकी उघडली की पहिलं, कडीपाशी जाडसर फडकं कोंबून ठेवा. बॅटरी सुटलेली असताना झाकण पडून कडी लागली तर तुम्ही बाहेर, बॅटरी आत. रेडिओचा कोड हाताशी ठेवा.

दहाच्या पान्याने आधी मायनस सोडा, बाजूला घेऊन कापडात गुंडाळा. लाल वायरला लग क्रिम्प करून (पक्कडीने दाबून) प्लसच्या क्लॅम्पच्या नटाखाली बसवा. क्लॅम्प आणि बॅटरीच्या खुंटाच्या मध्ये काहीही नको, स्टार्टरचा करंट तिथूनच जातो. फ्यूज होल्डर प्लसपासून १५-२० सेंमीच्या आत, तोही फ्यूज न घालता रिकामा. काळी वायर बॅटरीच्या मायनसला किंवा त्याच्या बॉडीवरच्या अर्थ बोल्टला.

लग क्रिम्पच करा, रॅचेटच्या पक्कडीने. झाळलेलं कथिल वायरीत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्याने कथिल संपतं तिथे वायर तुटते.

वायर डिकीच्या बाहेर काढायला झाकणाच्या रबराखालून नेऊ नका. रबर उचललं जातं, पहिल्याच सरीत कार्पेट ओलं. हेडलाइट-हॉर्नकडे मूळ लूम (वायरींचा जुडगा) ज्या ग्रोमेटमधून (भोकातल्या रबरी कड्यातून) जातो त्यालाच बारीक भोक पाडून न्या. पुढे रेडिएटरच्या पंख्यापासून लांब, दर १५ सेंमीला टाय. बाजूच्या हवेच्या तोंडांमागे रेडिएटर आहेत, तिथे वायर लोंबकळत ठेवू नका, मधल्या जाळीकडे या. टोकाला आधी एक वळसा खाली देऊन मग तोंड वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी टोपीत न जाता खालच्या वळशावरून टपकेल.

शेवटी मायनस जोडा, मीटरने एसएई टोकाची दिशा तपासा, आणि मगच फ्यूज घाला. काचांचं एका झटक्यात वर जाणं बिघडलेलं असेल तर स्विच वर ओढून काच बंद झाल्यावरही काही सेकंद धरून ठेवा, परत शिकते.

तांब्याची_तार
जाडीबद्दल भर. २.५ चौरस मिमीच्या मऊ वायरीचा रोध मीटरला सुमारे ८ मिलिओहम. जाऊन-येऊन ५ मीटर म्हणजे ४० मिलिओहम. चार्जरच्या ५ अँपिअरला ०.२ व्होल्ट घट. चार्जरला खरा व्होल्टेज जरा जास्त भासतो, भरण थोडं सावकाश होतं. बॅटरी भरत आली की करंट जवळजवळ शून्यावर येतो आणि घटही संपते, म्हणून शेवटचा आकडा अचूकच राहतो. चार्जिंगपुरतं १.५सुद्धा भागेल.

पंपाची गोष्ट वेगळी. १२ अँपिअरला त्याच वायरीत ०.४८ व्होल्ट जातील, १.५ चौरस मिमीत ०.८. पंप रडत चालतो, जास्त वेळ घेतो, आणि सॉकेटची स्प्रिंग तापते. केबिनच्या सॉकेटला २.५च्या खाली जाऊ नका, ४ मिळाली तर उत्तम.

फ्यूज उपकरण वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. "पंप मोठा आहे, ३०चा टाक" म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

पोडियम_पी२
मूळ लायटर सॉकेटचं राहिलं. आणि मित्राच्या नव्या ७१८ला (बॉक्स्टरचीच नंतरची पिढी) हेच करायचं झालं तर?

सर्किटवाला
लायटर सॉकेट चार्जिंगला वापरायचं तर आधी तपासा: चावी काढा, दारं लॉक करा, अर्ध्या-पाऊण तासाने सॉकेटवर १२ व्होल्ट आहेत का? मीटरच्या वायरी खिडकीतून बाहेर ठेवून बघा, कारण दार उघडलंत की मॉड्यूल जागी होतात आणि तपासणी वाया जाते. व्होल्टेज टिकत असेल तर चार्जिंग होऊ शकतं. बऱ्याच नव्या गाड्यांत सॉकेट थोड्या वेळाने झोपतं, मग चार्जर रात्रभर हवेला चार्ज करतो. ९८७बरोबर येणारा टायरचा पंप मात्र मूळ लायटरवरच चालतो, त्यामुळे पंपासाठी नवीन सॉकेटची गरज नाही. नवं फक्त डॅशकॅम-मोबाइलसाठी.

७१८सारख्या स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या) नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असतो, आत गेलेला-बाहेर आलेला करंट तो मोजतो. चार्जरचा मायनस थेट खुंटाला लावला तर तुम्ही भरलेली वीज सेन्सरला दिसतच नाही. गाडी समजते बॅटरी अजून उपाशी आहे. म्हणून अशा गाड्यांत काळी वायर बॉडीच्या अर्थ बोल्टला, सेन्सरच्या पलीकडे. ९८७ला दोन्ही चालेल, पण सवय बॉडीचीच लावा.

समुद्रकाठ
लिथियम बॅटरीवाल्यांसाठी: २०१०मध्ये पोर्शेने ९११ जीटी३ आणि बॉक्स्टर स्पायडरला हलकी लिथियम-आयन बॅटरी पर्याय म्हणून दिली, वजन ६ किलोच्या आत, शिशाच्या ६० अँपिअर-तासवालीपेक्षा १० किलोंहून हलकी. तिच्यावर आकडा १८ अँपिअर-तासाचा. वरच्या ३० मिलिअँपिअरचा हिशोब तिला लावून बघा. तिला लिथियमचाच चार्जर, सल्फेट मोडणारे मोड नकोत.

एमएक्सएस ५.०वर साधा मोड १४.४ व्होल्ट, एजीएम (काचतंतूच्या गादीत आम्ल शोषलेल्या बॅटरीचा) १४.७, आणि रिकंड (पार उतरलेली बॅटरी सुधारण्याचा) १५.८. रिकंड गाडीला जोडलेल्या बॅटरीवर कधीच नको, तो व्होल्टेज सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सला जातो. एजीएम लावताना बॅटरीवर खरंच एजीएम लिहिलंय का बघा.

आणि व्हेंटची नळी. बॅटरी बंद डिकीत असल्याने तिचा वायू बाहेर नेणारी बारीक नळी असते. बदललेल्या बॅटरीला ती जोडायचं तोंडच नसतं, किंवा नळी तशीच लोंबत ठेवलेली असते. सतत चार्जर लावणार असाल तर हे आधी नीट करा. कव्हर काढलंच आहे तर पाण्याचे निचरेही साफ करा. बदामाची आणि गुलमोहराची पानं तिथे कुजून चिखल होतो, मग पाणी बॅटरीच्या कप्प्यात.

गिरगाव_गॅरेज
सोसायटीचा भाग. पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) आणि झाकणवालं वेदरप्रूफ सॉकेट हवंच. २३० व्होल्टची बाजू खांबावर उंच ठेवा, गाडीपर्यंत फक्त १२ व्होल्टची केबल यावी. चार्जरची स्वतःची दीड मीटर आहे, कमी पडली तर त्याचीच एक्स्टेन्शन मिळते. चार्जर खांबावर हुकाला टांगा. जमिनीवर ठेवलात तर पाणी आणि उंदीर, दोघांपैकी एक गाठेलच. उंदरांसाठी वायरीला नळी आहेच, तिची तोंडंही टेपने बंद करा.

कमिटीत कोणी "कॉमन वीज" म्हणून हटकलं तर: २० अँपिअर-तास भरायला साधारण ०.३ युनिट, तोट्यासकट ०.४ धरा. उरलेल्या वेळी चार्जर काही वॅट घेतो, ५ वॅट धरले तरी महिन्याला ३.६ युनिट. सब-मीटर लावून द्या, वाद मिटतो. निदान या विषयावरचा.

ज्यांचं पार्किंग पझल किंवा स्टॅकवर आहे त्यांनी केबलचा विचारच सोडावा, पॅलेट हलतं. त्यांना बॅटरी आयसोलेटर (बॅटरी गाडीपासून तोडणारा स्विच) किंवा आठवड्याला एक लांब फेरी. फेरी म्हणजे पाऊण-एक तास तरी, नाक्यापर्यंत जाऊन परत येणं नव्हे.

पोडियम_पी२
ठरलं: जाळीमागे एसएई, केबिनमध्ये डीआयएन. केबिनच्या सॉकेटची जोडणी सांगा.

कुर्ल्याचा_वायरमन
चार पिनांचा रिले. ३० नंबरला बॅटरीचा प्लस, १५ अँपिअरच्या फ्यूजमधून, हा फ्यूजही बॅटरीजवळच. ८७ सॉकेटला. ८५ बॉडीला. ८६ला चावी फिरवल्यावर जिवंत होणारी लाइन, फ्यूजबॉक्समधून टॅप करून, २ अँपिअरच्या फ्यूजवर. कॉइल ०.१५ अँपिअरच्या आसपास घेते. रिलेच्या आत डायोड असेल तर ८५-८६ची अदलाबदल चालत नाही, रिलेवर छापलेली आकृती वाचा.

रिले केबिनमध्ये ठेवा, बॅटरीच्या कप्प्यात नको, तिथे पाणी शिरायची शक्यता राहते. डिकीतून केबिनमध्ये वायर मूळ लूमच्याच ग्रोमेटमधून. पेडलच्या वाटेत काही लोंबणार नाही हे पाय फिरवून बघा. मूळ लूम कुठेही कापू नका, ते पिवळे-निळे चिमटे लावून वायर टोचू नका. दमट हवेत टोचलेली जागा आतून सडते आणि दोन पावसाळ्यांनी बिघाड भलतीकडेच दिसतो.

पोडियम_पी२
शेवटचे दोन. बॅटरी पार बसली तर या एसएईवरून जंपस्टार्ट होईल? आणि फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेतून जादा लाइन काढणारा जोड) कुठल्या दिशेने लावायचा?

सर्किटवाला
जंपस्टार्ट नाही. स्टार्टर शेकडो अँपिअर मागतो, १०चा फ्यूज लगेच उडेल, आणि उडायलाच हवा. पण डिकी उघडायला तेवढं लागत नाही. चार्जर लावा, १५-२० मिनिटं थांबा, मग चावीचं बटण दाबा. एमएक्सएस ५.०ला सुरू व्हायला बॅटरीत निदान २ व्होल्ट दिसावे लागतात. त्याहून खाली गेली असेल तर फूटवेलमधलं टर्मिनल आहेच. डिकी उघडली की जंप केबल थेट बॅटरीला.

टॅपचं: फ्यूज काढा, चावी चालू करा, रिकाम्या खाचेच्या कुठल्या बाजूला १२ व्होल्ट येतात ते बघा. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक आहे तो त्या बाजूला. बहुतेक टॅपमध्ये वायर ज्या बाजूने निघते त्याच्या विरुद्ध बाजूचा तो असतो, मीटरच्या बीपवर खात्री करा. उलटा लावलात तरी रिले चालेल, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण मग रिलेचा करंटही मूळ फ्यूजमधून जातो आणि तो उडाला की दोन्ही बंद. टॅपचं माप मूळ फ्यूजचंच घ्या. मिनी (छोट्या) फ्यूजच्या खाचेत मोठं पान दाबून बसवलं की खाच सैल होते, आणि त्यानंतर मूळ फ्यूजही तिथे धड पकडत नाही.